पोपट

वाडा पाडायला निघाला तेव्हा पोटमाळ्यावरच्या पेटीत, फुटक्या निरांजनाखाली, मला तो सापडला. पितळी पोपट, मुठीत मावेल एवढा. चोच, पंख झकास. पोट मात्र सपाट, त्यावर आडव्या-उभ्या बारीक खाचा. हलवला की आत खुळखुळ वाजायचं.

आमच्या घरात एखाद्या गोष्टीची माहिती नसली तरी मत असतंच. दादा म्हणाला, खुळखुळा. एवढं जड पितळ तान्ह्या बाळाच्या हातात कोण देईल, असं विचारल्यावर म्हणाला, "पूर्वीची बाळं खमकी होती." वहिनीच्या मते मिठाईवर नक्षी उठवायचा ठसा. शेजारच्या काकांनी भिंग लावून तो दरबारी शिक्का असल्याचं जाहीर केलं आणि अर्धा तास आमचं घराणं सरदारांचं होतं. मग दादाने शाई लावून कागदावर दाबला. चटई उमटली.

शेवटी आईने निकाल दिला: जायफळाची किसणी. घासून पाहिलं तर खरंच पूड पडली. पाडव्याच्या श्रीखंडात तीच गेली. भाऊजींनी तीनदा वाटी पुढे केली. "जायफळ काय उतरलंय!"

पुढच्याच आठवड्यात भाचीला केळकर संग्रहालय दाखवायला नेलं. दिनकर केळकर म्हणजे 'अज्ञातवासी' या नावाने कविता करणारे गृहस्थ. गावोगाव हिंडून त्यांनी दिवे, अडकित्ते, दौती असला घरगुती ऐवज जमवला आणि लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहालयाला दिलं. हे सगळं मी भाचीला ऐटीत सांगत होतो. तेवढ्यात ती ओरडली, "मामा, आपला पोपट!" काचेआड तसलेच पक्षी ओळीने बसले होते.

"वज्री आहे ती," मागून एक आजी म्हणाल्या. "न्हाताना टाचा घासायची."

घरी येऊन आत्याला फोन लावला. "अरे, ती आईची," आत्या गहिवरली. "सारवून सारवून पायाला केवढ्या भेगा पडायच्या तिच्या! तासभर घासत बसायची. तुला कुठे मिळाली? नीट जपून ठेव हं."

जपून ठेवली आहे. आईने पोपट चिंच लावून लखलखीत केला आणि बिनबोभाट न्हाणीघरात नेऊन ठेवला. भाऊजींना कुणीच काही बोललेलं नाही. काल त्यांचा फोन आला होता: दसऱ्याला येतोय, जायफळ त्या पोपटावरच घासा.