बसणारे अण्णा

आमच्या धाराशिवात दारू पिणारा माणूस शोधून सापडायचा नाही. बसणारे मात्र गल्लोगल्ली आहेत. "काल बसलो होतो", "शनिवारी बसू", "त्यो बसतो का?" एवढ्या एका क्रियापदावर सगळा व्यवहार चालतो. पिण्याचा उल्लेख येतो तो दुसऱ्याच्या बाबतीत. आपण बसतो, शेजारचा पितो.

या बसणाऱ्यांत एक जात खरोखरच बसायला येते. जुन्या परमिट रूमचे ठरलेले गिऱ्हाईक. उमरगा, कळंब, भूम, परंडा, कुठेही जा, असा एक तरी सापडतोच. नावे वेगळी, पण टेबल तेच: आपल्याला दरवाजा दिसेल, दरवाजातून येणाऱ्याला आपण दिसणार नाही असे. त्यांना आपण अण्णा म्हणू.

माझ्या ओळखीचे अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. धाराशिव जिल्ह्यात पाटबंधारे खात्यात आयुष्य काढायचे म्हणजे जे नाही ते मोजत राहायचे. ती सवय हाताला राहिली. ग्लासात पाणी घालताना अण्णा खाली वाकतात आणि धरणावरची पट्टी वाचावी तशी पातळी डोळ्यांच्या रेषेत आणतात. एखाद्या नव्या पोऱ्याने वरून भसाभसा ओतले की खेकसतात, "आरं, उजनीहून आलंय ते पाणी! असं ओतायलास?" २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा अण्णांनी ग्लासात पाणी घालणेच सोडले. "लोकं घागरी घिऊन रांगंत उभी हायत, आन् आपण ह्यात पाणी घालायचं? मनाला पटत न्हाई." या बचतीची सरकारदरबारी कुठे नोंद नाही.

वेळ सात चाळीस. सातच्या बातम्या संपवून, बायकोला "जरा फिरून येतो" म्हणून. लग्नानंतर एवढी वर्षे झाली, काकूंनी "कुठं?" असे विचारलेले नाही आणि अण्णांनी सांगितलेले नाही. संसार टिकतो तो असा.

ती परमिट रूम म्हणजे एक लांबट खोली. बाहेर कडक ऊन असो की पाऊस, आत कायम संध्याकाळ. एक हिरवी ट्यूब, एक फरफरणारा पंखा, भिंतीवर तुळजाभवानीची तसबीर आणि तिच्यासमोर विझत आलेली उदबत्ती. मागे प्लायवूडची फळी मारून केलेली 'फॅमिली रूम'. तिच्यात कुठली फॅमिली कधी गेलेली मी पाहिली नाही. सोसायटीच्या निवडणुकीआधी संचालक मात्र जायचे. चखण्याला खारे शेंगदाणे, फुटाणे आणि मीठ भुरभुरवलेली काकडी, तीही फुकट. अंडाभुर्जी मागितली तर मामा बाजूच्या गाड्यावरून आणून द्यायचे. मामा म्हणजे वेटर. अण्णा आत आले की मामा काही विचारत नसत. क्वार्टर, सोडा, रिकामी वाटी (वाटी कशाला, ते आजतागायत कळलेले नाही) आणि कालचा पेपर. आजचा अण्णांनी घरी वाचलेला असे.

परमिट रूममधले परमिट लोक विसरले आहेत, अण्णा विसरलेले नाहीत. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा मधल्या काळात नावापुढचे मुंबई जाऊन महाराष्ट्र झाला, पण रद्द झालेला नाही. त्याच्या हिशेबाने पिणाऱ्याकडे परवाना लागतो. एका दिवसाचा विदेशीला पाच रुपये, देशीला दोन, आणि आयुष्यभराचा हजार. अण्णांकडे आयुष्यभराचा आहे, लॅमिनेट केलेला, आधार कार्डाच्या पाठीला पाठ लावून. प्रकृती राखण्यासाठी दारू लागते अशा अर्थाचे त्यात काहीतरी असते, आणि अण्णा ते वाक्य डॉक्टरांच्या चिठ्ठीसारखे दाखवतात. "सरकारच म्हणतंय. आपण कोण?" त्यांची आजीव सभासदत्वे दोनच, एक वाचनालयाचे आणि एक हे. वाचनालयात त्यांना मी पाहिलेले नाही. अण्णा 'विदेशी' घेतात. परदेशाशी त्यांचा तेवढाच संबंध, आणि तोही लेबलापुरता, कारण ही विदेशी तयार आपल्याकडेच होते.

देशीच्या दुकानाला ते हसतात. तिथे जाळीतून पैसे द्यायचे, संत्र्याची नव्वदी घ्यायची, जिभेवर मिठाची चिमूट ठेवायची आणि उभ्याउभ्या संपवून निघायचे. अण्णांच्या लेखी मनुष्यजातीत तीन वर्ग: उभ्याने घेणारे, बसून घेणारे आणि घेऊन आडवे होणारे. आपण मधले, म्हणजे सुसंस्कृत. मला त्यांचे हे तत्त्वज्ञान गमतीचे वाटते, पण ते गमतीचे राहिले याचे कारण एक तारखेला बँकेत जमा होणारी पेन्शन. जाळीपाशी उभ्या असलेल्या ऊसतोड मजुराचे व्यक्तिचित्र मला असे हसत लिहिता आले नसते.

हे तीन वर्ग एकदा अण्णांच्या घरातच आले. वॉर्डातल्या बायकांनी परमिट रूम बंद करण्यासाठी सह्या गोळा करायला घेतल्या. एकूण महिला मतदारांपैकी २५ टक्क्यांनी मागणी केली की मतदान लागते. मतपत्रिकेवर एक उभी बाटली, एक आडवी. निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला की दुकानाला टाळे. अण्णांनी आठवडाभर काकूंशी फार गोड बोलून पाहिले. शेवटी विचारलेच, "मतदान लागलं तर कशावर मारशील?" काकू भाकरी थापता थापता म्हणाल्या, "आडवी कराया मतदान कशाला? तुमची तर रोजच आडवी असतीया." पुढे सह्या पुरेशा भरल्या नाहीत. काकूंची होती की नव्हती, हे अण्णांनी विचारलेले नाही. पुन्हा तेच, संसार.

खरा घाव आला तो दिल्लीहून. महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, असा सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ ला आदेश दिला आणि तो १ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्या संध्याकाळी दाराला कुलूप पाहून अण्णा मोठ्याने हसले. एप्रिल फूल! नऊ वाजेपर्यंत पायरीवर बसून राहिले, की आता मालक मागून येईल आणि टाळी देईल. दुसऱ्या दिवशी खात्यातली जुनी टेप घेऊन आले. एक टोक मामांच्या हातात, दुसरे स्वतःच्या. भर रस्त्यात दोघांनी मोजणी केली. आले चारशे दहा. अण्णा टेप गुंडाळत म्हणाले, "कमी पडले तर किती, नव्वद! शेवटी नशिबात नव्वदीच की." जुलैत न्यायालयाने खुलासा केला की नगरपालिकांच्या हद्दीत हा आदेश लागू नाही, आणि पुढे कागद हलून कुलूप निघाले. मधले काही महिने अण्णा घरीच बसले, म्हणजे खरोखरच बसले. त्या दिवसांचा विषय काढला की काकू कपाळाला हात लावतात.

बसणे म्हणजे पिणे नव्हे, याचा पुरावा अण्णा दर श्रावणात देतात. गटारीला हिशेब चुकता करायचा आणि दुसऱ्या दिवसापासून महिनाभर थेंब नाही. आईच्या नवरात्रातही नाही. पण सात चाळीसला टेबलावर हजर. लिंबू-सोडा, रिकामी वाटी, कालचा पेपर. गल्ल्यावरच्या मालकाला वाटायचे, हा माणूस टेबल अडवतोय. मालकाचे वडील होते तोवर त्यांना तसे वाटत नव्हते.

अण्णांची विद्वत्ता दुसऱ्या पेगला उघडते. विषय ठरलेला: तेर. "गोरोबा काकांचं गाव, ते झालंच. पण त्याच्याआधी? तगर!" पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या पेरिप्लसमध्ये तगरचे नाव आहे, तिथले कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोचला जायची, हे खरे आहे. भडोचच्या बंदरात इटलीची द्राक्षदारू उतरायची, हेही त्याच पुस्तकात आहे. आता अण्णांचा युक्तिवाद ऐका. "गाड्या इकडनं भरून गेल्या. मग येताना रिकाम्या आल्या असतील का? गाडीवानाला अक्कल नव्हती का?" तेरच्या लामतुरे संग्रहालयात त्यांनी मला दोनदा नेले आहे. पहारेकरी त्यांना पाहून काचेजवळ येऊन उभा राहतो.

मग गावाला चांगले दिवस यायला लागले. वैद्यकीय महाविद्यालय आले. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव रेल्वेची मोजणी झाली आणि जिथे कुसळ उगवत नव्हते तिथे प्लॉटिंगचे दगड उगवले. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये बदलले, तसे परमिट रूमचीही पाटी उतरली. मालकाचा मुलगा पुण्याला हॉटेल मॅनेजमेंट शिकून आला होता. चार महिने हिरवी जाळी, आत कटरचा आवाज. उघडले तेव्हा दर्शनी भागाला काच. सगळी काच! रस्त्यावरून जाणाऱ्याला आत कोण बसलेय ते दिसावे, म्हणून पैसे खर्चून केलेली सोय. अण्णांना यातले काहीच समजेना. अंधार विकत घ्यायला लोक येत होते, आणि यांनी तोच काढून टाकला.

मी पुण्याहून आलो होतो, म्हणून सोबत गेलो. दारात काळा टी-शर्ट घातलेला पोरगा. "काका, बुकिंग आहे का?" अण्णांनी खिशातून आजीव परवाना काढून दिला. पोराने तो उलटसुलट करून पाहिला. बहुतेक स्कॅन करायचा चौकोन शोधत असावा.

आत गाणी, आणि गाण्यांवरून ओरडून बोलणारी डॉक्टर होऊ घातलेली मुले. मेन्यू कार्ड पाटीएवढे. अण्णांनी चष्मा चढवला. "पीनट मसाला, एकशे साठ? शेंगदाण्याला?" मी म्हणालो, कांदा-टोमॅटो घालतात. "एवढ्यात आठवडी बाजारात पायलीभर शेंगा यितेत." पुढचे पान. 'उस्मानाबादी मटण फ्राय'. अण्णा खुलले. "ह्ये बघ. जिल्ह्याचं नाव बदललं, पण शेळी काय अर्ज घिऊन गेली न्हाई." छोटे मालक स्वतः येऊन हसले, नमस्कार केला, "कसं वाटलं अण्णा?" म्हणाले आणि उत्तराआधी पुढच्या टेबलाकडे गेले.

कोपऱ्यातले टेबल नव्हते. तिथे आता खोटी झाडे होती. मधोमध उंच टेबले, काहींना खुर्च्याच नाहीत. मुले ग्लास हातात घेऊन त्यांच्याभोवती उभी. अण्णा बराच वेळ पाहत राहिले. "एवढे पैसे दिऊन उभंच ऱ्हायचं, तर देशीच्या दुकानानं काय घोडं मारलं होतं?"

शेवटी काउंटरपाशी एक उंच स्टूल मिळाले. मी हात दिला, अण्णा चढले. पाय जमिनीपासून वीतभर वर. त्यांनी एकदा खाली पाहिले, एकदा माझ्याकडे. "लेकरा, हे बसणं न्हवं. टांगून ठेवलंय मला."

पलीकडून मामा आले. त्यांनाही काळा टी-शर्ट घातला होता, छातीवर नावाची पट्टी. मामांना नाव आहे हे मला त्या दिवशी कळले. त्यांनी काही विचारले नाही. क्वार्टर, सोडा, रिकामी वाटी ठेवली. आत गेले. येताना बिअरचा रिकामा क्रेट घेऊन आले, उलटा करून अण्णांच्या पायाखाली सरकवला आणि एका पायाने दाबून हलतोय का ते पाहिले.

अण्णांनी चपला काढल्या, दोन्ही पाय क्रेटवर टेकवले, घड्याळाकडे पाहिले.

"सात पंचावन्न," ते मामांना म्हणाले. "आज उशीर झाला बसायला. कालचा पेपर कुठाय?"