पालथे गृहस्थ

इंग्लंडात स्टोक-ऑन-ट्रेंटच्या बाजूला ही जात आढळते. जेवायला बोलवा, बसल्याबरोबर पुढ्यातली बशी पालथी. वरची नक्षी नंतर, आधी बुडाचा शिक्का. बशीत काही वाढलेलं असेल तर ती दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून खालून वाचतात. काठोकाठ भरलेल्या कपाखाली मान वाकडी करून बसलेले असे एक गृहस्थ मी पाहिले आहेत. नंतर त्यांचा शर्टही पाहिला.

तिथे याला कुणी आगाऊपणा म्हणत नाही. स्पोड, मिंटन, वेजवुड सगळे त्याच मातीतले. गुरांच्या हाडांची राख जवळजवळ निम्मी घालून ‘बोन चायना’ करायची कृती स्पोडच्या कारखान्यात 1800 च्या सुमारास पक्की झाली. तेव्हा बशी उलटवायची म्हणजे घराणं विचारायचं. शिक्क्यात नुसतं ‘इंग्लंड’ दिसलं की गृहस्थ नाक मुरडतात: बहुधा 1891 नंतरची, अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केल्यानंतरची. 1842 ते 1883 या काळातली नोंदणीची तिरपी चौकट सापडली, तर मात्र जेवण थंड झालंच. कुंडली मांडावी तसे ते कोपऱ्याकोपऱ्यातली अक्षरं-आकडे लावून साल, महिना, तारीख काढतात. ती तारीख नक्षी नोंदवल्याची; बशी भट्टीतून कधी निघाली ते त्यातून कळत नाही. हे त्यांना ठाऊक असतं. आपण बोलून दाखवू नये.

निळी ‘विलो’ नक्षी निघाली की गोष्ट ऐकावीच लागते. पुलावर तीन माणसं, वर दोन पक्षी. पळून गेलेले प्रेमिक म्हणे मरून पाखरं झाले. ही ‘प्राचीन चिनी’ कथा इंग्रजांनीच रचली, तीही नक्षी खपू लागल्यावर. गृहस्थ हेही सांगतात, आणि तरी पाखरांपाशी त्यांचा आवाज घोगरा होतो. तेवढ्यात बाई पातेलं घेऊन येतात: “उडाली असतील तर बटाटे वाढू?”

मला भीती ‘इंडियन ट्री’ची. वाकडं खोड आणि एकाच झाडाला हरतऱ्हेची फुलं. मूळ नक्षी चिनी, नाव हिंदुस्थानचं, खपवली कोलपोर्टसारख्या इंग्रज कारखान्यांनी. गृहस्थ बशी माझ्यापुढे धरतात. “तुमच्याकडे या झाडाला काय म्हणतात?”

“फणस,” मी म्हणालो.

त्यांनी वही काढली आणि स्पेलिंग विचारलं.