बिनलग्नाचा बाप

लग्न केलेलं नाही, पण ओसरीवर रोज सात-आठ पोरं जेवायला, असा एखादा माणूस आपल्याकडे गावोगाव असतो. पोरं कोणाची, हे विचारायची सोय नसते. एखादा लांबचा भाचा असतो, एखाद्याचा बाप मुंबईला गेला तो गेलाच, एखाद्याची आई 'दोन दिवस सांभाळा' म्हणून सोडून गेलेली असते आणि त्या दोन दिवसांना आठ वर्षं झालेली असतात. 'त्यांना काय, ना आगा ना पिछा' असं म्हणत जो तो आपला आगापिछा त्यांच्या गळ्यात बांधून जातो. त्यांचं स्वतःचं मत विचाराल तर संसार म्हणजे कामात खोडा. इतरांच्या लग्नाच्या बाबतीत मात्र हे गृहस्थ भटजींपेक्षा कडक.

या जातीचा सर्वांत बडा नमुना होऊन गेला तो मराठी राज्यात, पण सह्याद्रीपासून दूर, कावेरीच्या मुलखात, व्यंकोजीराजांच्या तंजावरात. आणि तो निघाला जर्मन पाद्री! ख्रिश्चन फ्रीडरिश श्वार्ट्झ. जन्म १७२६चा, प्रशियातल्या झोनेनबुर्ग गावचा. हाले शहरात शिकताना तमिळ बायबलाच्या कामाला हात लावायला म्हणून तमिळ शिकायला बसले आणि १७५०मध्ये थेट तरंगंबाडीच्या किनाऱ्यावर उतरले. तिथून तिरुचिरापल्ली, आणि १७७८पासून मुक्काम तंजावर. अठ्ठेचाळीस वर्षं हिंदुस्थानात काढली. परत म्हणून गेले नाहीत.

राहणी अशी की वर्णन ऐकून आपल्याकडचा माणूस विचारील, 'कुठल्या मठातले?' तिरुचिरापल्लीत जुन्या हिंदू पद्धतीच्या इमारतीतली एक खोली मिळाली होती. तीत खाट मावे आणि खाटेचा मालक मावे. उंच माणसाला ताठ उभं राहायची पंचाईत. पगार वर्षाला ४८ पौंड. जेवण भात आणि भाजी, तेही इथल्याच पद्धतीचं, आणि त्यावर खूश. कपड्यांसाठी वर्षाकाठी साध्या सुती कापडाचा एक तागा काळा रंगवून घ्यायचा, की झाली पाद्रीसाहेबांची खरेदी! दिवाळी नाही, नाताळ नाही.

भाषांचा मात्र भारी सोस. तमिळ तर होतीच; लष्करासाठी इंग्रजी, दरबारासाठी फारसी, मुसलमान शिपायांसाठी हिंदुस्थानी. आणि तंजावरच्या राजवाड्यात बोलायचं तर मराठी हवी, म्हणून पन्नाशीच्या आसपास मराठीही शिकले. पुण्या-मुंबईत तीस वर्षं राहून 'मराठी समजतं, बोलता येत नाही' म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

तंजावरच्या तुळजाराजांची आणि त्यांची पहिली भेट १७६९ची. राजे खांबांना टांगलेल्या झोपाळ्यावर बसलेले, भोवती मानकरी, समोर आसनावर पाद्री. बोलणं झालं, धर्म झाला, मूर्तिपूजेवर स्पष्ट चार शब्द झाले. मग रीतीप्रमाणे मिठाई आली. पाहुण्याने हात पुढे करावा की नाही? पण नाही. आमच्यात खाण्याआधी देवाचे आभार मानतात, असं सांगून स्वारी तिथेच प्रार्थनेला लागली. मिठाई वाट पाहते आहे, दरबार वाट पाहतो आहे. दुसऱ्या एखाद्या राजाने पाहुण्याला वाटेला लावला असता. तुळजाराजांना माणूस आवडला. पुढे ते त्यांना आपला पाद्री म्हणू लागले.

या फकिराची गावात पत मात्र सावकाराला लाजवणारी. १७८१च्या सुमारास हैदर अलीच्या स्वाऱ्यांनी मुलूख उजाड झाला, तंजावरच्या किल्ल्यात माणसं भुकेने मरू लागली. बाहेर शेतकऱ्यांकडे धान्य होतं, पण ते आत आणीनात. राजाने पैसे बुडवलेले, इंग्रज कंपनीवर भरवसा नाही. शेवटी श्वार्ट्झसाहेबांनी पैशाची हमी घेतली आणि दोन-तीन दिवसांत हजारावर बैल हजर झाले. किल्ल्यात ८०,००० कलम धान्य आलं. जुलमाला कंटाळून परागंदा झालेले शेतकरीही राजाच्या शब्दावर परतले नाहीत, ते यांच्या शब्दावर परतले. एका दिवसात सात हजार. वर्षाला ४८ पौंड मिळवणाऱ्या माणसाचा जामीन राजाला घ्यावा लागला, असा हा उलटा व्यवहार!

त्याआधी १७७९मध्ये इंग्रजांनी त्यांना श्रीरंगपट्टणला हैदरकडे बोलणीला पाठवलं होतं. हैदरने निघताना वाटखर्चाला ३०० रुपयांची थैली दिली. साहेबांना आयुष्यात पहिल्यांदा घबाड मिळालं, तर ते मद्रासला जाऊन सरकारात भरायला निघाले! सरकार म्हणालं, ठेवा तुम्हाला. मग ते पैसे गेले तंजावरच्या अनाथ मुलांच्या शाळेला. या जातीच्या माणसाच्या हातात पैसा पडला की वाट एकच.

आता मुख्य विषय, लग्न. श्वार्ट्झ आजन्म अविवाहित. नवा मिशनरी यायचा असेल तर तो बिनलग्नाचा यावा आणि आल्याआल्या बोहल्यावर चढू नये, हे त्यांचं ठाम मत. बायको आली की भाषा शिकणं मागे पडतं, हा त्यांचा अनुभवाविना काढलेला निष्कर्ष. पण मुलांचं काय? सहकारी कोलहॉफ यांचा मुलगा योहान कास्पार श्वार्ट्झसाहेबांच्या हाताखाली वाढला आणि पुढे त्यांच्याच गादीवर पाद्री झाला. तिरुनेलवेलीचा बारा वर्षांचा वेदनायगम साहेबांनी १७८५मध्ये बापाकडून मागून आणला. तो तमिळमधला नामांकित ख्रिस्ती कवी झाला. शिवाय छावणीतल्या गोऱ्या शिपायांनी मागे ठेवलेली पोरं होतीच. १७६३मध्ये तिरुचिरापल्लीत दारूगोळ्याचं कोठार उडालं, तेव्हापासून अनाथांचं खातं यांच्याकडे कायमचं आलं.

मुलांची चौकशी न करणारा हा माणूस बायकांची मात्र करी. तंजावरात एक मराठी ब्राह्मण विधवा होती. सतीच्या चितेवरून तिला लिटल्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने वाचवलं, असं सांगतात. ती त्याच्याकडे राहिली, त्याच्याकडून इंग्रजी शिकली, बायबल शिकली, आणि बाप्तिस्मा मागायला श्वार्ट्झसाहेबांकडे आली. साहेबांचा प्रश्न : लग्न झालंय का? झालेलं नव्हतं. अधिकाऱ्याने वचन दिलं होतं. वचन ते वचनच राहिलं. साहेब म्हणाले, मग बाप्तिस्मा नाही. म्हणजे पाहा : आपल्या समाजाने तिला जाळायला काढलेली, ज्याने वाचवली तो लग्नाचं मनावर घेईना, आणि देवाच्या दारात चौकशीला बसलेला स्वतः बिनलग्नाचा!

लिटल्टन वारला, तेव्हा ती पाळयंकोट्टैला होती. पाप टिकवायला आता दुसरा भागीदारच उरला नव्हता. १७७८मध्ये श्वार्ट्झ तिथे गेले आणि त्यांनी तिला बाप्तिस्मा दिला. नाव ठेवलं क्लोरिंडा. तिने दत्तक घेतलेल्या मुलाचाही बाप्तिस्मा झाला, आणि त्याचं नाव हेन्री लिटल्टन. ज्याने तिला आपलं आडनाव दिलं नाही, त्याचं आडनाव तिने पोराला बिनदिक्कत लावलं. कोकणस्थ असो की तंजावरी, मराठी बाई हिशोब चुकता करायला विसरत नाही.

पण या बाईची खरी गंमत पुढेच. नकाराचा राग धरून ती घरी बसली नाही. तिथल्या चाळीस जणांच्या ख्रिस्ती मंडळीची १७८०ची यादी आहे, तीत पहिलं नाव क्लोरिंडाचं. तिने चर्च बांधायला घेतलं, विहीर खणवली, उपदेशक हवा म्हणून पाद्रीसाहेबांच्या मागे लकडा लावला. १७८५मध्ये ते चर्च अर्पण करायला श्वार्ट्झनाच यावं लागलं. लोक आजही त्याला 'पाप्पात्ती अम्माळ कोविल' म्हणतात, ब्राह्मणबाईचं देऊळ. एकेकाळी जिला दारातून परत पाठवलं, तिने बांधलेल्या दारातून साहेब आत गेले. त्यांना त्यात काही अवघड वाटल्याचं दिसत नाही. नियमाचा पक्का आणि मनाचा मोकळा माणूस असाच असतो. नियम संपला की आकस संपला.

१७८७मध्ये तुळजाराजांनी मरणापूर्वी नऊ वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतलं आणि मुलगा श्वार्ट्झसाहेबांच्या पदरात घालू पाहिला. साहेबांनी काकांचं, अमरसिंगांचं नाव सुचवलं. हा सल्ला पार फसला. काकांनी गादी घेतली आणि पुतण्याला उजेड न शिरणाऱ्या खोलीत ठेवलं. अक्षर शिकवायला माणूस नाही. मग आपला सल्ला निस्तरायला साहेब स्वतः उभे राहिले. कंपनीला पत्रांवर पत्रं लिहिली, पहारा बसवला, शिक्षक नेमले, १७९३मध्ये मुलाला मद्रासला सुखरूप पोचवलं. सरफोजी गादीवर बसले १७९८च्या जूनमध्ये; साहेब त्याच वर्षी १३ फेब्रुवारीला गेले. गेले समजून जवळच्यांनी त्यांचं आवडतं स्तोत्र गायला घेतलं, तेव्हा दुसऱ्या कडव्याला बिछान्यातून त्यांचा स्वतःचा आवाज लागला, अशी आख्यायिका आहे. या माणसाची खोड पाहता ती खोटी मानायला जीव होत नाही.

धंद्याच्या हिशोबाने पाहिलं तर पाद्री सपशेल नापास. इतकं करून सरफोजी ख्रिस्ती झाले नाहीत. बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेतला, सरस्वती महालात पोथ्या जमवल्या, शेवटपर्यंत हिंदू राहिले. पण या गुरूच्या थडग्यासाठी त्यांनी स्वतः इंग्रजीत कविता रचली, आणि लंडनच्या फ्लॅक्समनकडून संगमरवरी शिल्प करवून घेतलं. शिवगंगेच्या तळ्याजवळच्या चर्चमध्ये ते आहे : खाटेवर पाद्री, आणि त्यांचा हात हातात घेतलेला मराठी राजा.

शिष्याची खरी परीक्षा मात्र १८०१च्या एका पत्रात आहे. रामेश्वरच्या वाटेवरची आपली अन्नछत्रं कंपनीने बंद करू नयेत, म्हणून सरफोजींनी रेसिडेंटला लिहिलं. छत्रांत काय चालतं, ते त्यात सांगितलं आहे. गरोदर बाई आली तर तिची नीट काळजी घ्यायची, बाळंतपणाचा खर्च छत्राचा, औषधं छत्राची, आणि पुढे तीन महिने तिला राहू द्यायचं. नवरा कुठे आहे, हे विचारण्याचं काम कोणाकडे सोपवल्याचं त्यात नाही. पुढच्याच वर्षी ओरत्तनाडूला त्यांनी मोठं छत्र उभारलं, ते मुक्तांबेच्या नावाने; आणि मुक्तांबा काही त्यांची लग्नाची राणी नव्हती.

गुरूने विचारलेला प्रश्न शिष्याने गाळला. बाकी सगळी शिकवण ठेवली. माझ्या मते श्वार्ट्झसाहेबांना याहून मोठी गुरुदक्षिणा मिळाली नसती, आणि मिळाली ती त्यांना बहुधा पसंतही पडली नसती. एकट्या बाईला आसरा देणाऱ्या संस्था आजही आहेत, आणि तिच्या गळ्याकडे पाहून मग दार उघडणारेही आहेत. त्यांनी एकदा तंजावरचं ते पत्र वाचावं.