बेरजेला दोन हात लागतात

आमच्या सोसायटीत खजिनदार निवडला जात नाही, सापडतो. गेल्या वर्षीच्या सभेत मी दोन मिनिटं फोन घ्यायला बाहेर गेलो, परत आलो तेव्हा टाळ्या वाजून गेल्या होत्या. बत्तीस बिऱ्हाडांचा मेंटेनन्स, पाण्याचे टँकर, लिफ्टवाला, वॉचमन आणि कुणाच्याच नावावर न पडणारी गच्चीवरची गळती, असा सगळा संसार माझ्या गळ्यात पडला. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्यामुळे गणपतीत लोक आरत्या म्हणतात आणि खजिनदार व्हाउचरं लावतो.

माझ्याकडे एक कॅलक्युलेटर होता. होता म्हणजे आहे. बारा आकडी, उन्हावर चालणारा, आणि पाचच्या बटणावर एक बारीक उंचवटा असलेला. मधलं बोट त्या उंचवट्यावर टेकलं की बाकीची गावं आपोआप सापडतात. डोळे बिलावर, बोटं खाली, तोंडात सुपारी. मुलाला हे बघवेना. ‘बाबा, तुम्ही अजून याच्यावर?’ असं म्हणून त्यानं टॅब्लेट आणून दिला. ‘याच्यात सगळं आहे.’

सगळं होतं. उंचवटा नव्हता. काचेवरचा पाच आणि काचेवरचा आठ बोटाला सारखेच गुळगुळीत लागतात. दर आकड्याला मान वर, मान खाली. चाळीस व्हाउचरं झाली तेव्हा मी कीर्तनकारासारखा डोलत होतो. मुलाला म्हटलं, बटणं पाहिजेत. त्यानं ब्लूटूथचा कीबोर्ड मागवला.

कीबोर्ड जोडला, कॅलक्युलेटर उघडला, २४५० दाबलं. पडद्यावर शून्य. पुन्हा दाबलं. शून्य ढिम्म. मुलानं समजावलं ते असं, की पडद्यावरची बटणं ही नुसती चित्रं. चित्राला बोट लागलं की एका वाटेनं निरोप जातो, खरं बटण दाबलं की दुसऱ्या वाटेनं, आणि ॲप लिहिणाऱ्यानं दुसरी वाट ऐकायची सोयच केलेली नाही. म्हणजे घराला दोन दारं, आणि भालदार एकाच दारात. चित्राला ओ मिळते, खऱ्या बटणाला नाही. सरकारी कचेऱ्यांत हयात घालवलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नव्हतं.

तसं पाहिलं तर या जातीच्या यंत्रांचं आणि बेरजेचं पूर्वीपासूनच वाकडं. ॲपलनं आयपॅड आणला २०१० साली, आणि त्यात स्वतःचा कॅलक्युलेटर घातला २०२४ साली. चौदा वर्षं. एवढ्या काळात प्रभू रामचंद्र परत आले होते.

दुसरं ॲप उतरवलं. हे आकडे ऐकत होतं, मधूनमधून कर्जही देऊ करत होतं. २४५० दाबलं, अधिकचं बटण दाबलं. उत्तर आलं, २४५०. बेरीज करायच्या आधीच बरोबर! मग लक्षात आलं, अधिक आणि बरोबर एकाच बटणावर राहतात. अधिक वरच्या मजल्यावर, आणि तिथं जायला शिफ्टचं बटण धरून ठेवावं लागतं. गुणिलेचंही तेच. फुली नाहीच, तिच्या जागी चांदणी, आणि ती आठच्या डोक्यावर. दरमहा आठशे पन्नास, बिऱ्हाडं बत्तीस. शिफ्ट निसटलं, चांदणीऐवजी आठ उमटला, आणि सोसायटीचं महिन्याचं उत्पन्न २७,२०० च्या जागी ८५०,८३२ झालं. स्वल्पविरामही साहेबी पद्धतीचा, त्यामुळे आपण साडेआठ लाखांचे धनी झालो हे कळायलासुद्धा अर्धं मिनिट गेलं. त्या अर्ध्या मिनिटात मी लिफ्ट बदलली होती.

टक्क्याची गत तीच. थकबाकीदाराला व्याज लावायचं असतं, पण टक्का पाचच्या डोक्यावर. वजा मात्र एका बोटात होतं. भागिलेही. शिफ्ट नको, दुसरा हात नको. कमी करायचं असेल, वाटून घ्यायचं असेल, तर डावा हात खिशात ठेवला तरी चालतो. वाढवायचं म्हटलं की दोन्ही हात कामाला लागतात. हा कीबोर्ड ज्यानं आखला तो कधीतरी नक्की एखाद्या सोसायटीच्या कमिटीवर असणार.

मग तिसरी खरेदी, नुसत्या आकड्यांचा वेगळा पॅड. पाचवर उंचवटा! डोळे भरून आले. फक्त त्याला नम लॉक नावाचं एक कुलूप. १९८१ सालच्या आयबीएमच्या पीसीवर जागेच्या टंचाईनं आकडे आणि बाण एकाच बटणांत कोंबले होते, त्या संसाराचं हे कुलूप अजून वारशानं चाललंय. ते उघडं-मिटलं कळेना. आकडे दाबावेत आणि काहीच उमटू नये. त्यातून फोनवर एक वरच्या ओळीत, पॅडवर सात वरच्या ओळीत. ओटीपी टाकून आलेलं बोट हिशोबाला बसवलं की घात.

तरी ताळेबंद झाला. पेटीत अठरा रुपये जास्त निघाले. पैसे कमी पडले तर खजिनदार वेंधळा ठरतो, जास्त निघाले तर लबाड. रात्री अकरापर्यंत शोधलं. शेवटी वरच्या मजल्यावरचे, बँकेतून निवृत्त झालेले काका आले. त्यांनी टॅब्लेटकडे पाहिलंच नाही. ‘फरक किती? अठरा? नवानं भाग जातोय. आकडे उलटलेत कुठंतरी.’ आणि पाच मिनिटांत बॅटरीच्या सेलचं व्हाउचर काढलं. सत्तावन्न रुपये. बायको वाचत होती, मी दाबत होतो. आपल्या मराठीत सत्तावन्न म्हणताना सात आधी येतो, पन्नास मागून. कानानं सात ऐकला, बोटानं सात दाबला. पंचाहत्तर.

‘आम्हाला औटकीपर्यंत, म्हणजे साडेतीनच्या पाढ्यापर्यंत, पाठ करून घेतलेलं,’ काका जाता जाता म्हणाले. ‘सोळा औटं छप्पन. कुलूप नाही की किल्ली नाही.’

सभा झाली. टेबलावर स्टँडवर टॅब्लेट, पुढं कीबोर्ड, शेजारी पॅड, अशी दुकानाच्या काचेत मांडावी तशी आरास. अध्यक्षांनी ‘आमचे डिजिटल खजिनदार’ म्हणून ओळख करून दिली. लोकांनी प्रश्न विचारले, मी पडद्याकडे गंभीरपणे पाहत उत्तरं देत गेलो, पैशापैशापर्यंत अचूक. आभाराचा ठराव वाचायला घेतलाच होता, तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या,

‘खजिनदार, मघापासून टेबलाखालून टकटक कसली येतेय हो?’