कार्डाचं पंचांग

साखरपुड्यापासून वास्तुशांतीपर्यंत सगळ्याला मुहूर्त पाहणारा माणूस फ्रिज घ्यायला मात्र मनात येईल त्या दिवशी उठतो आणि खिशातलं क्रेडिट कार्ड काढून मोकळा होतो. हे शास्त्राला धरून नाही. कार्डालाही पंचांग असतं आणि त्यात दोनच तिथी असतात: बिल बनतं ती आणि बिल भरायचं ती. साधकाने दोन्ही मुखोद्गत कराव्यात.

आमचं बिल १२ तारखेला बनतं आणि ३० पर्यंत भरावं लागतं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ‘दूध नाही’ आणि ‘सिलिंडर लावला’ यांच्या मधोमध मी १२ ला लाल गोल केला. आईने दोन दिवस तो नुसता पाहिला. तिसऱ्या दिवशी तिने हळूच विचारलं, "बाराला कोणाचं श्राद्ध असतं रे?"

आता मुहूर्त. १२ ला बिल बनलं की १३ ची खरेदी पुढच्या बिलात जाते. म्हणजे ते बिल बनेपर्यंतचा अख्खा महिना आणि वर भरण्याचे अठरा दिवस, मिळून ४७-४८ दिवस पैसे बिनव्याजी. तीच वस्तू ११ ला घेतली तर जेमतेम १९ दिवस. तेव्हा १३ हा अमृतसिद्धी योग. ११ आणि १२ वर्ज्य. त्या दिवशी दुकानात जावं, पंख्याखाली बसावं, भाव विचारावा आणि "घरी विचारून सांगतो" म्हणून निघावं.

मात्र या योगाला एक अट आहे आणि ती मी स्वतः भोगून शिकलो. १३ एप्रिलला, बरोब्बर मुहूर्तावर, २४,००० रुपयांचं वॉशिंग मशीन घेतलं. ३० तारखेला आधीचं बिल भरायला बसलो. रक्कम होती १८,३१८. मी १८,००० भरले. बाकीची चिल्लर पुढच्या वेळी. वाण्याच्या वहीत नाही का आपण राउंड फिगर करत? वाणी "राहू द्या हो साहेब" म्हणतो. बँक काहीच म्हणत नाही, तिथेच सावध व्हायला हवं होतं. नियम असा की मागच्या बिलातला एक रुपया जरी राहिला तरी बिनव्याजी दिवसांची सवलत संपते, नव्या खरेदीचीसुद्धा, आणि तिच्यावर खरेदीच्या दिवसापासून व्याज धावू लागतं. महिन्याला साडेतीन टक्के. म्हणजे मशीनवर महिन्याचे साधारण ८४० रुपये, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी १५१ रुपये. कपडे धुण्याआधी मशीनने मला धुतलं.

बिलावर आणखी एक आकडा असतो, ‘किमान देय रक्कम’. दिसायला तो देवघरातल्या नैवेद्यासारखा, वाटीभर. पन्नास हजारांच्या बिलाला साधारण पाच टक्के, म्हणजे २,५०० रुपये. ते भरले की विलंबशुल्क लागत नाही, फोन येत नाहीत, मन प्रसन्न राहतं. पण पन्नास हजारांवर महिन्याचं व्याज १,७५०, त्यावर जीएसटी ३१५. उरले ४३५. तेवढंच काय ते मुद्दलातून उतरलं. ज्यांनी ऑटो डेबिट लावताना ‘पूर्ण रक्कम’ऐवजी ‘किमान रक्कम’ या खुणेवर बोट ठेवलं आहे, त्यांनी हा परिच्छेद सोवळ्यात पुन्हा वाचावा.

यावरून साधकांचे दोन पंथ पडतात आणि त्यांचे आचार नेमके उलटे आहेत. हे कुणी सांगत नाही म्हणून जरा थांबून सांगतो. जो पूर्ण बिल भरतो त्याने घाई करू नये; पैसे खात्यात राहू द्यावेत आणि शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी भरावेत. दोन दिवस अशासाठी की पैसे पोहोचायला कधीकधी वेळ लागतो. पण ज्याचं बिल थकलं आहे त्याने शेवटच्या तारखेची वाट पाहणं म्हणजे मीटर चालू ठेवून रिक्षाबाहेर चहा पिणं. त्याचं व्याज रोज मोजलं जातं. त्याने पगार झाला त्याच संध्याकाळी, जमेल तेवढे, तुकड्यातुकड्यात का होईना, भरावेत. वीस हजार रुपये दहा दिवस आधी भरले तर २३० रुपये वाचतात, जीएसटी वेगळा. पगार एकला आणि शेवटची तारीख २५ ला असा ग्रहयोग असेल तर बँकेला बिलाची तारीख बदलायला सांगावं. निदान एकदा ती बदलून देण्याचं बंधन रिझर्व्ह बँकेने घातलं आहे.

काही अपवित्र कर्मं थोडक्यात. कार्डावर एटीएममधून रोख काढू नये. तिथे बिनव्याजी दिवस नाहीतच, नोटा मोजून होण्याआधीच व्याज सुरू. एका कार्डाचं बिल दुसऱ्याने भरू नये. याची टोपी त्याच्या डोक्यावर, पण डोकं दोन्हीकडे आपलंच. शेवटच्या तारखेनंतर तीन दिवस विलंबशुल्क लावता येत नाही, पण त्याला गणपतीची सुट्टी समजू नये, व्याज सुट्टी घेत नाही. आणि वरून कोणी सोडवेल या आशेवर राहू नये. वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ठरवलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला.

एवढं ज्ञान झाल्यावर मी गेल्या महिन्यात कडक झालो. ११ तारखेला ही मिक्सरच्या दुकानात उभी. भाव ४,०००. मी फोनवर म्हणालो, "आज वर्ज्य आहे, तेराला घेऊ." तेराला गेलो तेव्हा सवलत संपलेली, भाव ४,७००. बचत खात्याचं तीन टक्के व्याज धरलं तर चार हजार रुपये महिनाभर जास्त वापरायला मिळण्याची किंमत होते दहा रुपये. हा हिशेब हिने दुकानाच्या काउंटरवर, माझ्याच पेनाने, माझ्याच बिलामागे करून दाखवला. मिक्सर राहिला. सध्या आमच्याकडे चटणी पाट्यावर होते आणि वाटायला मी बसतो.