बरोबर चुकणारा विद्यार्थी

बी.एड.च्या सरावपाठाला वर्ग कसा बसतो, हे महाराष्ट्रातल्या छात्राध्यापकांना पक्कं ठाऊक असतं. मागच्या बाकावर निरीक्षक बसलेले, त्यामुळे एरवी छपराला हात लावणारी पोरंही हाताची घडी घालून. प्रश्न विचारला की हात वर होतो तो नेमका हुशार मुलीचाच. पाठ झकास होतो. मास्तर मात्र होता तिथेच, कारण चुकणारं पोर त्याच्या वाट्याला आलंच नाही.

अमेरिकेत जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ साली ‘बगी’ या प्रोग्रामविषयी लिहिलं. त्यात संगणकच विद्यार्थी झाला होता, आणि तोही वजाबाकीत कच्चा. ५४२ मधून ३८९ गेले की याच्याकडे २४७ उरतात! कारण वरचा आकडा लहान असला, तर शेजारच्या घरातून उसना आणण्याऐवजी हा गडी मोठ्यातून लहान वजा करून मोकळा होतो. दुसरा नमुना याहून बेरकी. १०३ वजा ४५ बरोबर १५८. हा उसना घेतो, शून्याचे नऊही करतो, पण ही उसनवारी शतकाच्या घराला कळवतच नाही. वजा करून रक्कम वाढली, याचं त्याला काहीच वाटत नाही.

शिक्षकाने नवनवी उदाहरणं घालून खोड ओळखायची. ‘मुलगा निष्काळजी आहे’ हे प्रगतिपुस्तकातलं लाडकं निदान इथे चालत नाही. खोड सापडली असं वाटलं, की पुढची उदाहरणं स्वतःच तशीच चुकवून दाखवायची. आयुष्यभर बरोबर उत्तर काढलेल्या माणसाला शिस्तीत चुकायला लावणं, म्हणजे सूड म्हणायचा की प्रशिक्षण?

पुढे सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठात ‘टीचलाईव्ह’ आलं. पडद्यावर आभासी विद्यार्थी: मारिया अबोल, शॉन उत्तर द्यायला उतावीळ, सीजेचा सगळा जीव लक्ष वेधून घेण्यात. पण त्यांना बोलतं करायला पडद्याआड हाडामासाचा माणूस बसलेला. पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्याच त्या, फक्त दोरीच्या जागी संगणक.

२०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या ‘जीपीटीच’ने पडद्याआडचा माणूसही उठवला. नवशिक्या शिक्षकांपुढे भाषा-प्रारूपावर चालणारे विद्यार्थी शंका घेऊन येऊ लागले. अडचण एवढीच, की या प्रारूपांच्या अंगात सौजन्य फार. त्यांना ‘ढ’ व्हायला सांगावं, तर दोन वाक्यं कशीबशी गोंधळतात आणि तिसऱ्याला म्हणतात, ‘आता अगदी स्पष्ट झालं, धन्यवाद!’

आपल्याकडे शेवटच्या बाकावरून असं वाक्य आलं, तर बाई आधी पोराच्या कपाळाला हात लावून ताप बघतील.