कशापेक्षा, ते विचारू नये

इंग्रजीत तुलना म्हटली की 'दॅन' आलाच, आणि त्याच्यामागे दुसरी बाजू. तर्खडकरांच्या पाठमालेवर वाढलेल्या पिढीला हे घोटून पाठ होतं. अंधेरीहून बोरिवलीकडे जाताना बिल्डरांचे फलक वाचा: बिगर होम्स, बेटर लाइफ, क्लोजर टू एव्हरीथिंग. कशापेक्षा बिगर? फलक गप्प. रेरा कायदा लागू झाल्यावर, 2017 पासून, कार्पेट एरिया सांगणं बंधनकारक झालं; 'दॅन' सांगणं नाही. बिल्डरला तेवढी फट पुरते.

दलाल तर आणखी पुढचे. अंधेरीतली जागा ते 'अप्पर जुहू' म्हणून विकतात. अप्पर म्हणजे नेमकं किती वर, समुद्र दिसेल इतकं? नाही हो, भावाने वर.

एक तुलना मात्र पुरी होते. 8 जून 2014 रोजी वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली, आणि 'फास्टर दॅन अंधेरी-कुर्ला रोड' हे वाक्य व्याकरणातही बसलं, अनुभवातही. अर्थात त्या रस्त्यापेक्षा फास्टर व्हायला मेट्रो कशाला लागते? संध्याकाळी सातला साकीनाक्यावर चालणारा माणूसही रिक्षाला मागे टाकतो. आणि वर रिक्षावालाच त्याला विचारतो, "साहेब, पुढे काय झालंय?"